इंजिनाचं मौन आणि प्रवाशाचा कंठ : एक अल्प प्रबंध

विमानाच्या केबिनमधल्या आवाजावर आजवर जे लिहिलं गेलं, ते बहुतेक विमान बनवणाऱ्यांनी. त्यामुळे सगळा खल इंजिनावर झाला आणि प्रवासी हा स्वतंत्र ध्वनिस्रोत आहे याकडे कोणाचं लक्षच गेलं नाही. ही उणीव भरून काढायचा अधिकार बदलापूरच्या सोनिवलीतल्या माणसाला कोणी दिला, अशी शंका पूर्वपक्षी घेतील. समाधान सोपं आहे. बदलापूर स्टेशन सीएसएमटीपासून 68 किलोमीटरवर. लोकलला दीड तासाच्या आत-बाहेर लागतात. मुंबई-नागपूर विमानालाही साधारण तेवढेच. म्हणजे सोनिवलीतला नोकरदार रोज नागपूरला जाऊन परत येतो, फक्त उभ्याने. डब्यातल्या आवाजाचा एवढा व्यासंग कुठल्या विद्यापीठात घडणार?

आधी इंजिन. एअर इंडियाने 1960 साली बोइंग 707 आणलं. त्याच्या रोल्स-रॉइस कॉनवे इंजिनांतून गरम झोत भन्नाट वेगाने मागे सुटायचा, आणि खरी गर्जना त्या झोताची. जेम्स लाइटहिल या गणितज्ञाने 1952 मध्येच दाखवून दिलं होतं, की झोताच्या आवाजाची शक्ती त्याच्या वेगाच्या आठव्या घातात वाढते. उलटं गणित मांडा : वेग निम्मा केला, की आवाजाची शक्ती 256 पटींनी उतरते. पुढच्या साठ वर्षांत अभियंत्यांनी या बाबतीत एकच उद्योग केला. हवा भरपूर घ्यायची आणि सावकाश सोडायची. गाभ्यातून जाणाऱ्या हवेच्या किती पट हवा बाहेरून वळसा घालून जाते, त्याला बायपास प्रमाण म्हणतात. कॉनवेत ते जेमतेम 0.3 होतं. इंडियन एअरलाइन्सच्या बोइंग 737-200 च्या लांबट, सडपातळ जेटी8डी इंजिनांत 1 च्या आसपास, 1971 साली आलेल्या एअर इंडियाच्या जम्बोत 5 च्या आसपास आणि 2016 पासून इंडिगोच्या ए320 निओवर आलेल्या प्रॅट अँड व्हिटनी इंजिनांत 12. या शेवटच्या इंजिनात पंख्याला गिअर आहे, त्यामुळे तो टर्बाइनपेक्षा बराच हळू फिरतो. जुन्या इंजिनांत उड्डाणाच्या वेळी पात्यांची टोकं ध्वनीच्या वेगापुढे जायची आणि पुढच्या ओळींत घरघर ऐकू यायची. अभियंते तिला करवतीचा आवाज म्हणतात. तीही आता पुष्कळ निवली.

(2023 च्या मे महिन्यात गो फर्स्ट या विमान कंपनीने उड्डाणं थांबवताना याच इंजिनांतल्या बिघाडांकडे बोट दाखवलं. ध्वनिशास्त्राच्या दृष्टीने ती विमानं परिपूर्ण अवस्थेला पोचली होती, एवढीच नोंद इथे पुरे.)

वर उंचीवर गेल्यावर कानाशी जो अखंड सूं आवाज राहतो, तो पुष्कळसा इंजिनाचा नसतोच. बाहेरच्या पत्र्याला घासत जाणारी हवा आणि आतलं एसी, या दोघांचा तो संसार असतो. पंखाखाली इंजिनं असलेल्या विमानात पुढच्या ओळी मागच्यांपेक्षा शांत असतात. इथवर सगळे पंडित एकमताचे आहेत. पुढे मात्र प्रस्तुत लेखकाला एकट्यालाच चालावं लागतं.

सिद्धांत असा : बंद डब्यातला आवाज नष्ट होत नाही, तो फक्त यंत्राकडून माणसाकडे वर्ग होतो.

याला पहिला पुरावा दुबईचा. एमिरेट्सने 2008 मध्ये एअरबस ए380 हे अवाढव्य विमान सेवेत आणलं. ते इतकं शांत निघालं, की मागच्या विश्रांतिकक्षात आडव्या झालेल्या वैमानिकांची झोप उडाल्याच्या बातम्या आल्या. पोरांचं रडणं, हाका, शौचालयाचा फ्लश, सगळं लख्ख ऐकू येऊ लागलं. हे आवाज पूर्वीच्या विमानांतही होतेच. इंजिनाने त्यांच्यावर पडदा धरला होता.

दुसरा पुरावा घरचा. जुन्या डीसी लोकलमध्ये मोटारी कण्हायच्या, खालचा कॉम्प्रेसर अचानक धडधडू लागायचा आणि वरचा पंखा बंद पडला, की कोणीतरी खिशातला कंगवा काढून पात्याला ढोसायचं. मग तो खडखडत फिरायचा. त्या गदारोळात भजनी मंडळाला टाळ कुटावे लागत, ते भक्तीइतकेच भौतिकशास्त्रामुळे. पुढे सीमेन्सच्या गाड्या आल्या. सुटताना इन्व्हर्टरचा चढता सूर, छपरातून येणारी वाऱ्याची घोंघावणी. 2015 मध्ये मध्य रेल्वेच्या मुख्य मार्गावरून डीसी वीज हद्दपार झाली आणि मोटारींचं कण्हणंही थांबत गेलं. शेवटी एसी लोकल आली. दारं बंद, रुळांचा खडखडाट बाहेर. या पोकळीत काय भरलं? मोबाइलवरचे रील्स. तेही एकाच गाण्याचे पहिले आठ सेकंद, पुन्हा पुन्हा. “दादा, जरा हेडफोन लावा ना,” असं म्हणणारा माणूसही आता डबाभर ऐकू जातो आणि बिचारा ओशाळतो.

ऑगस्ट 2022 मध्ये बदलापूरच्या प्रवाशांनी साध्या गाडीच्या जागी एसी गाडी सोडल्याबद्दल स्टेशनात आवाज उठवला, आणि मध्य रेल्वेने त्या महिन्यात 10 एसी फेऱ्या मागे घेतल्या. कारणं भाड्याची आणि गर्दीची होती, अगदी रास्त होती. ध्वनिशास्त्रीय बाजू कोणी मांडली नाही, याची खंत मात्र प्रस्तुत लेखकाला आहे.

सिद्धांताला एक अपवाद नोंदवायला हवा. ए320 जातीच्या विमानात, जुनं असो वा निओ, निघायच्या सुमारास पायाखालून कुत्रं भुंकल्यासारखा आवाज येतो. खालच्या सामानात कोणाचा टॉमी राहिला, अशी चर्चा चालू होते. ते हायड्रॉलिक दाब एका बाजूकडून दुसरीकडे देणारं यंत्र असतं. एक इंजिन चालू झाल्यावर दुसरं चालू करताना ते स्वतःची चाचणी घेतं. बाकी सगळं यंत्र गप्प झाल्यामुळे हे भुंकणं उलट जास्तच उठून दिसतं. सोनिवलीतली कुत्री रात्री रिक्षा गेल्यावर भुंकतात, ही निघण्याआधी भुंकतात, एवढाच फरक.

आता उपाय. महागडे हेडफोन घ्यावेत, असं सुशिक्षित वर्ग सांगतो. पण आवाज खोडून काढणारे हेडफोन संथ, जाड, एकसुरी आवाजावर चांगले चालतात. माणसाचा आवाज सारखा चढतो-उतरतो, तो त्यांच्या हाती फारसा लागत नाही. जुन्या विमानात ते इंजिनाची घुमघुम पुसून खरंच सुख देत. निओमध्ये मुळात थोडी उरलेली घुमघुमही ते पुसतात, आणि मग तीन ओळी मागच्या मावशी अधिकच स्पष्ट ऐकू येतात. लेखकाने असे हेडफोन नागपूरच्या विमानात कानाला लावले. त्यातून मिळालेली माहिती अशी, की मावशींच्या भाच्याचं लग्न मार्गशीर्षात आहे, हॉल बेलवलीत ठरला आहे, आणि ताटात श्रीखंड ठेवायचं की बासुंदी, यावर काकांचं मत अजून विचारलेलं नाही.