सात घोडे, पाच तुकडे, एक भिंत

पुण्याहून साताऱ्याकडे निघाले की नीरा ओलांडल्यावर शिरवळ लागते, आणि शिरवळ लागले की कारखाने लागतात. याच खंडाळा तालुक्यात एशियन पेंट्सचा कारखाना २०१३ साली सुरू झाला. सुरुवातीलाच त्याची क्षमता वर्षाला ३ लाख किलोलिटर होती, म्हणजे ३० कोटी लिटर रंग. एवढा रंग उशाशी असताना शिरवळच्या नव्या सोसायट्यांतल्या हॉलच्या वाट्याला काय येते? तीन भिंती आयव्हरी आणि चौथी गडद. या चौथीला 'हायलाइट वॉल' म्हणायचे. तिच्यावर मधोमध, दारातून शिरणाऱ्याच्या थेट डोळ्यांत भरेल असे, एक भलेथोरले 'स्टेटमेंट पीस' टांगायचे. त्याच्याखाली सोफा ठेवायचा आणि पाहुण्याला त्या सोफ्यावर बसवायचे, म्हणजे चित्र त्याच्या पाठीमागे जाते. चहा होईपर्यंत तो समोरचा टीव्ही बघतो.

या भिंतीवर काय लावायचे, यावर घरात चार-सहा महिने चर्चा चालते. सुनेच्या मोबाइलमध्ये दोनशे चित्रे साठलेली असतात, मुलाला काहीतरी 'ॲब्स्ट्रॅक्ट' हवे असते, सासऱ्यांना पांडुरंग हवा असतो. सगळे मुद्दे ऐकून घेतले जातात आणि एका रविवारी फ्रेमवाल्याकडून सात धावते घोडे घरी येतात.

"वहिनी, हेच घ्या. प्रगती होते," फ्रेमवाला सांगतो.

"तोंडं कुठल्या बाजूला करायची?"

"घरात. दाराकडं केली तर आलेली लक्ष्मी बाहेर जाती."

घोड्यांच्या तोंडाची अशी व्यवस्था झाली की शेपटीच्या दिशेबद्दल कोणी विचारत नाही. म्हाताऱ्या आजी मात्र चष्मा पुसून चित्राजवळ जातात आणि म्हणतात, "आरं, सात घोडी आन् एकालाबी लगाम न्हाय. राखायला कोन हाय का न्हाय?" आजींची शंका शास्त्राला धरून आहे. सात घोडे सूर्याच्या रथाचे, आणि तो रथ हाकतो अरुण. चित्रातून रथ गेला, सारथी गेला, बहुतेक प्रतींतून सूर्यही गेला. उरले ते समुद्राच्या फेसातून उधळलेले मोकाट जनावर. शिरवळात पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, क्रांतिसिंह नाना पाटलांच्या नावाचे. तिथल्या एखाद्या विद्यार्थ्याने पाहुणा म्हणून येऊन पाय मोजायला घेतले, तर २८ पायांचा हिशेब लागेपर्यंत त्याचा चहा गार होईल.

बरे, घोड्यांचेच कौतुक असेल तर शिरवळला ते बाहेरून आणायची गरज नव्हती. १६४८ साली विजापूरचा फत्तेखान चालून आला, तेव्हा शिरवळचा सुभानमंगळ आदिलशाही फौजेने घेतला आणि शिवाजी महाराजांच्या मावळ्यांनी तो परत मिळवला. नीरेकाठच्या या भुईकोटाचे आता अवशेषच उरले आहेत. त्याचे चित्र काढून हॉलमध्ये लावावे असे कोणाच्या मनात आल्याचे ऐकिवात नाही. आयफेल टॉवर मात्र लागतो. सुभानमंगळ पाहायला चालत जाता येते, ही त्याची मोठी अडचण असावी.

सातारा जिल्ह्याला भिंतीवरच्या चित्रांचे नावीन्य नाही. वाईजवळ मेणवलीला नाना फडणवीसांच्या वाड्यात भित्तिचित्रे आहेत. वाईच्या रास्त्यांच्या मोतीबागेतही आहेत. तेव्हाचा चितारी भिंतीपाशी येत असे आणि काम भिंतीवरच करत असे. माल पसंत पडला नाही म्हणून परत पाठवायची सोय नव्हती. औंधच्या भवानराव पंतप्रतिनिधींनी तर त्याही पुढची पायरी गाठली. हा राजा स्वतः चित्रे काढी. त्याचे चित्ररामायण १९१६ साली छापून निघाले. १९३८ साली त्याने यमाईच्या डोंगरावर संग्रहालय उभारले. तिथे आज राजा रविवर्म्याची मूळ तैलचित्रे आहेत आणि इंग्लंडच्या हेन्री मूरचे 'मदर अँड चाइल्ड' हे शिल्पही आहे. शिरवळहून गाडीने सकाळी निघाले तर औंध बघून संध्याकाळी घरी परतता येते. पण तिथे सोफा नसल्यामुळे चित्र सोफ्यावर कसे दिसेल याचा अंदाज येत नाही, असे म्हणतात.

आता नव्या पिढीला नकलेबद्दल बोल लावावा, तर जुन्या पिढीने खाली मान घालायला हवी. रविवर्म्याने १८९४ साली मुंबईत छापखाना काढला. प्रत्येक रंगाला वेगळा दगड अशा पद्धतीने तिथे लक्ष्मी, सरस्वती, शकुंतला छापल्या जाऊ लागल्या. पुढे छापखाना लोणावळ्याजवळ मळवलीला गेला आणि त्याची मालकी फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाकडे गेली. कमळात उभी राहिलेली तीच लक्ष्मी वाड्यात, चाळीत, पेढीवर, सगळीकडे. आजच्या सात घोड्यांचा हा थेट पूर्वज. फरक एवढाच की त्या काळच्या बायका छापील लक्ष्मीला जर, टिकल्या आणि मणी लावून तिला खरे लुगडे नेसवत. त्यामुळे शेजारणीची लक्ष्मी आणि आपली लक्ष्मी यांत निदान काठपदराचा तरी फरक राही. घोड्यांना अजून कोणी टिकल्या लावलेल्या दिसत नाहीत.

जगही याच वाटेने चालले आहे, हा आणखी एक दिलासा. आयकियाचे ॲम्स्टरडॅमच्या कालव्याचे एक काळेपांढरे छायाचित्र आहे, ज्यात फक्त सायकल लाल आहे. घराला वेगळेपण यावे म्हणून घेतलेल्या या चित्राच्या चार लाखांहून जास्त प्रती खपल्या. डिसेंबर २०२० मध्ये आयकिया नवी मुंबईत तुर्भ्याला आल्यावर वेगळेपण एक्स्प्रेस वेने आणायची सोय झाली.

गावरान वेगळेपण हवे असलेल्यांसाठी वारली आहे. लग्नघरात सवाशिणींनी गेरूच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक लिहायचा आणि त्यात पालघाट देवीला बसवायचे, अशी ही रीत. जिव्या सोमा म्हसे यांनी ती कागदावर आणून जगभर पोचवली. त्यांना २०११ साली पद्मश्री मिळाली, आणि २०१४ साली वारली चित्रकलेला भौगोलिक मानांकन मिळाले. शिरवळच्या फ्लॅटमध्ये मात्र ती स्टिकर म्हणून येते. तारपा वाजवणाऱ्याभोवती फेर धरलेली माणसे स्विचबोर्डापाशी आली की तिघांचे पाय कापावे लागतात. घरात लग्न असो वा नसो, नाच चालू राहतो.

चित्र किती उंचीवर टांगावे, याचाही नियम आहे. संग्रहालयांत चित्राचा मध्य जमिनीपासून ५७ ते ६० इंचांवर, म्हणजे उभ्या माणसाच्या नजरेला धरतात. सोफ्याच्या पाठीपासून सहा-आठ इंच वर आणि सोफ्याच्या दोनतृतीयांश रुंदीचे, असे सजावटकार सांगतात. आपल्याकडे माणसे जमिनीवर बसत, म्हणून आजोबा-पणजोबांचे फोटो दाराच्या चौकटीवर, सुतळीने पुढे कलते टांगत. काचेवर उजेड चमकू नये आणि सतरंजीवरच्या माणसालाही आजोबांची नजर चुकवता येऊ नये. सतरंजी गेली, सोफा आला, पण हात अजून चौकटीच्या उंचीलाच जातो. त्यामुळे घोडे स्लॅबखाली फूटभर अंतरावर धावतात आणि पंखा चालू केला की आणखी जोरात धावल्यासारखे वाटतात.

ते तिथे टिकणे हेही काम सोपे नाही. जुन्या वाड्याच्या भिंतीत खुंटी मारली की तिला शालू, पगडी आणि तलवार एकदम पेलत असे. आजच्या हलक्या ब्लॉकच्या आणि जिप्समच्या भिंतीत खिळा ठोकला तर खिळा आणि गिलावा दोन्ही हातात येतात. मग ड्रिल मागवायचे, प्लास्टिकची गिट्टी बसवायची, आणि आतली कन्सील वायर कुठून गेली आहे हे बिल्डरला फोन करून विचारायचे. बिल्डर फोन उचलत नाही. शेवटी चित्र डिझाइनच्या शास्त्राने न लागता, भोक जिथे धोक्याविना पडले तिथे लागते. काही घरांत जागा ओलीनेच ठरवून दिलेली असते: जिथे पापुद्रे सुटले तिथे घोडे.

या धामधुमीत आजोबा पॅसेजमध्ये गेले, सत्काराची ढाल माळ्यावर गेली आणि लग्नाचा फोटो बेडरूमच्या दारामागे. १९७३ साली निघालेल्या कालनिर्णयाला मात्र कोणी हात लावलेला नाही. ते स्वयंपाकघरात आपल्या खिळ्यावर शाबूत आहे. त्यावर दुधाचा खाडा, सिलिंडरची तारीख आणि भिशीचा नंबर लिहिलेला आहे. घरातले सर्वांत जास्त वेळा पाहिले जाणारे चित्र तेच, पण त्याला फ्रेम नाही.

खरी मोठी चित्रे तर घराबाहेरच आहेत. शिरवळच्या चौकात वाढदिवसाच्या शुभेच्छांचे फ्लेक्स लागतात, त्यांच्यासमोर हॉलमधले घोडे शिंगरे वाटावीत. रोल घालून चालणाऱ्या ज्या तऱ्हेच्या मशिनवर घोड्यांचा कॅनव्हास छापतात, त्याच तऱ्हेच्या मशिनवर साहेबांचा फ्लेक्सही छापतात. पण फ्लेक्सचे आयुष्य वाढदिवसाबरोबर संपत नाही. तो उतरवून गावाकडे नेला जातो आणि पावसाळ्यात कडब्याच्या गंजीवर पसरला जातो. साहेब हात जोडून आभाळाकडे बघत राहतात आणि खाली कडबा कोरडा राहतो. घोड्यांचे रंग उडाल्यावर त्यांनाही तिकडेच पाठवावे, असे एका काटकसरी कुटुंबाच्या मनात आले होते. पण चित्र पाच तुकड्यांतले, 'फाइव्ह पीस सेट'. गंजीवर नीट मांडून पाहिले, तर मधल्या चार फटींतून पाणी आत जात होते.