बुलेट आणि अर्धं तिकीट

"दाजी, येताना एसटीनं या. म्हंजे जाताना बुलेटवरनंच जायाला लागतंय," असा मेहुण्याचा कोल्हापूरहून फोन आला. परतीचे दोर आधीच कापून टाकायची युक्ती सिंहगडावर सूर्याजीला शोभली. स्वारगेटच्या फलाटावर हातात पिशवी घेऊन उभं राहिलेल्या माणसाला ती जरा जड जाते.

खरं तर माझं नव्या गाडीचं जवळजवळ ठरलं होतं. म्हणजे पैसे सोडून सगळं ठरलं होतं. पुण्यातल्या एका शोरूममध्ये जाऊन मी क्लासिक ३५० वर बसून आलो होतो. ३४९ सीसी, १९५ किलो, वीस घोड्यांची ताकद, इंजिनाची थरथर मारायला आत एक वेगळा शाफ्ट, पुढं-मागं डिस्क, एबीएस. हे सगळं मी घरूनच पाठ करून गेलो होतो. विकणाऱ्या पोराला त्यात काही रस नव्हता. तो एकच सांगत होता, "सर, फील बघा." मी टाकीवरून हात फिरवून फील बघितला. मग आरशात बघितला. हेडलाइटच्या दोन अंगांना बारके दिवे असतात, ते १९५४ पासून तसेच आहेत, हेही मीच त्याला सांगितलं. इंजिन सुरू केलं तेव्हा आवाजानं जुन्या बुलेटशी नातं सांगितलं, पण लांबचं. मग कागद आला. त्यावर गाडी होती, रोड टॅक्स होता, पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा होता, लेग गार्ड होता, सीटचं कव्हर होतं आणि शेवटी सव्वादोन लाखांच्या पुढं गेलेला एक आकडा होता. "सर, जीएसटी अठ्ठावीसचा अठरा झालाय," पोरगा म्हणाला. "साडेतीनशे सीसीपर्यंतच हां. वरच्यांना चाळीस." म्हणजे ही गाडी एका सीसीनं वाचली होती. मी वाचलो नव्हतो.

रेट्रो ही मुळात विलायतेची सोय. तिकडं जुनं एकदा बंद पडलं, मधे काही वर्षं गेली, माणसांना त्याची आठवण यायला लागली आणि मग ते नव्यानं करून विकता आलं. आपल्याकडं बुलेट बंदच पडली नाही. (कारखान्यात म्हणतोय, रस्त्यातला हिशेब वेगळा.) १९३२ साली इंग्लंडातल्या रेडिचच्या कंपनीनं हे नाव काढलं. १९५५ मध्ये आपल्या लष्कराच्या मागणीसाठी मद्रासला त्या गाड्या जुळवायला सुरुवात झाली. पुढं १९७० च्या सुमाराला इंग्लंडातली मूळ कंपनी मिटली, आणि मद्रासचे लोक मात्र कुणी थांबा म्हटलं नाही म्हणून तीच गाडी बनवत राहिले. ओतीव लोखंडाचं ते इंजिन साधारण २०१० पर्यंत चाललं. त्यामुळं आपल्याकडं जुन्या वळणाची नवी गाडी घेणं म्हणजे आजी आत भाकऱ्या थापत असताना बाहेरच्या खोलीत तिच्या फोटोला हार घालणं.

आणि मेहुण्यानं शोधून काढलं होतं ते खुद्द आजीलाच. १९९४ ची बुलेट. ज्या वर्षी कंपनी आयशरकडं गेली त्याच वर्षातली. एकच मालक, एमएच ०९, किंमत पंच्याऐंशी हजार.

मी हे सगळं बायकोला सविस्तर सांगितलं. नवी की जुनी, हप्ता की रोख, डिस्क की ड्रम. तिनं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "कोल्हापूरला कधी निघायचं?" तिला गाडीतलं कळत नाही असं मुळीच नाही. पण वाटेत माहेर लागत असेल तर ती रणगाडाही बघून येईल.

स्वारगेटला तिनं स्वतःचं अर्धं तिकीट काढलं. मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं, आणि तेव्हापासून आमच्या घरात ‘मी वाचवलेले पैसे’ नावाचं एक खातं उघडलं गेलंय. त्यात पैसे कधीच दिसत नाहीत, खर्च मात्र त्यातूनच होतो.

कात्रजचा बोगदा संपेपर्यंत आमचं हळू आवाजात चाललं होतं. खंबाटकीच्या चढाला बस खालच्या गियरमध्ये आली, इंजिन ओरडायला लागलं, त्यामुळं आम्हीही ओरडायला लागलो आणि विषय सार्वजनिक झाला. सुरूर फाट्याला उतरणारे एक गृहस्थ मागं वळून म्हणाले, "नवीच घ्या. डोक्यावर हप्ता असला की माणूस शिस्तीत राहतो." त्यांच्या शेजारच्याला हे पटलं नाही. त्याच्या मते गाडी दुय्यम. आधी मेकॅनिक बघावा, तो आवडला तर त्याच्याकडं कुठली गाडी दुरुस्त होते ते विचारावं आणि ती घ्यावी. इतका शहाणा सल्ला मला शोरूममध्ये मिळाला नव्हता. कंडक्टर तिकिटांचा हिशेब करता करता म्हणाला, "बुलेट कुठलीबी घ्या, पाहुण्यांना दाखवू नका. लग्नसराईत नवरदेवाला मिरवायला मागतात." यावर खिडकीजवळच्या आजीबाईंनी तोंड उघडलं. "आमी लेकीच्या लग्नात जावयाला दिलती बुलेट. आता दोघंबी दारात उबी असत्यात. कामाला कोनच जात न्हाई."

घाट उतरेपर्यंत बसचं मत जुनीच्या बाजूनं झुकलं होतं. मग साताऱ्याला निम्मी बस रिकामी झाली, बहुमत गेलं, आणि हातात कंदी पेढ्यांचा पुडा राहिला. उंब्रज, कराड, पेठ नाका ही गावं रस्त्याच्या कामाच्या डायव्हर्जनमधून जेवढी दिसली तेवढी दिसली.

कोल्हापुरात मेहुणा स्टँडवर हजर होता. त्यानं गाडी दाखवायच्या आधी जेवायला नेलं. यामागं आदरातिथ्य होतंच, पण थोडं धोरणही होतं. तांबडा-पांढरा पोटात गेला की माणसाला कुठलंही वाहन चांगलं दिसतं.

बुलेटचे मालक शिवाजी उद्यमनगरात राहत होते. या भागात ज्या गल्लीत शिराल तिथं लेथ फिरत असते, कुठं ओतकाम चालू असतं, आणि जमिनीवर लोखंडाचा कीस इतका असतो की चपलेत बसून तो घरी येतो. मालकांना सगळे आप्पा म्हणत. आयुष्यभर लेथवर टर्नर म्हणून काम केलेला माणूस. मी गाडी बघायला गेलो होतो. आप्पा मला बघत होते.

"उंची किती तुमची?"

सांगितली.

"गुडघं कसं हायत?"

"ठीक आहेत."

"दोन्ही?"

दोन्ही. मग पुण्यात गाडी कुठं लावणार, तिथं ऊन येतं का, सोसायटीतली पोरं टाकीवर चढतात का, हे झालं. पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल असतं हे मला माहीत आहे का आणि त्याबद्दल माझं काय मत आहे, हेही विचारून झालं. मेकॅनिक कोण, या प्रश्नाला मी कंपनीचं सर्व्हिस सेंटर म्हणालो. आप्पांनी मेहुण्याकडं असं बघितलं की त्यानं मान खाली घातली.

गाडी काळी होती आणि टाकीवरच्या सोनेरी रेघा अजून जागच्या जागी होत्या. आप्पा एकेका भागावर बोट ठेवत गेले. ही पिन मी केली. हा बुश मी केला. हा नट पितळेचा, आमच्याच लेथवरचा.

"मग आप्पा, ह्यात कंपनीचं काय राहिलंय?" मेहुण्यानं विचारलं.

"नंबर," आप्पा म्हणाले. "चासीचा आन इंजिनचा. त्यो बदलला तर आरटीओ वरडतंय."

पहिली किक मारायचा मान मेहुण्यानं मागून घेतला. जुन्या बुलेटची किक हा चार पायऱ्यांचा विधी आहे. हँडलवरचा बारका लिव्हर दाबायचा, किक सावकाश खाली न्यायची, अँपिअरचा काटा मध्यावर आला की लिव्हर सोडायचा, आणि किक वर घेऊन मग एकच, पण मनापासून मारायची. मेहुण्यानं पहिल्या तीन पायऱ्या वेळखाऊ म्हणून गाळल्या. किकनं त्याला उलट उत्तर दिलं. तो दोन पावलं मागं गेला, म्हणाला, "जिवंत हाय गाडी," आणि पुन्हा आला. दुसऱ्यांदा चालू झाली. मग तो उत्साहानं निघाला, आणि या गाडीचा गियर उजव्या पायाला आणि ब्रेक डाव्या पायाला असतो, हे आप्पा सांगेपर्यंत गल्लीच्या कोपऱ्यावर पोचला. तिथं त्यानं ब्रेक म्हणून गियर दाबला आणि थेट चहाच्या गाड्यापाशी जाऊन, इंजिन गचकून, थांबला. चहावाल्यानं काही न विचारता कप भरला. आप्पांकडं येणारी गिऱ्हाइकं तिथंच थांबतात म्हणे.

"बसा मागं," आप्पा मला म्हणाले. "पन्हाळ्याला जाऊन येऊ. इथं गल्लीत गाडी कळत न्हाई."

शिवाजी पुलावरून पंचगंगा ओलांडली आणि रत्नागिरीच्या रस्त्याला लागलो. दोन्ही बाजूंना ऊस. पन्नासच्या वेगाला त्या इंजिनाचा एकेक ठोका वेगळा ऐकू येतो. सत्तर मिलिमीटरचा पिस्टन आणि नव्वदचा स्ट्रोक. म्हणजे आत एक मोठा दट्ट्या लांबलचक खालीवर चाललेला असतो आणि त्याला कसलीही घाई नसते. पाठ केलेल्या आकड्यांपैकी हा एकच आकडा माझ्या शरीराला कळला, आणि तोही नको तिथं. आरशात मागचा ट्रक दिसत होता, फक्त एकाच्या जागी चार. पण केर्ली मागं पडली, वाघबिळापासून चढ लागला, आणि आप्पांनी गियर न बदलता, मुठीत किंचित पीळ देऊन, ती गाडी वळणावळणानं अशी वर नेली की मी आरशात बघायचंच सोडून दिलं. शोरूममधल्या पोराला जे दाखवायचं होतं ते बहुधा हेच. त्याच्याकडं फक्त चढ नव्हता.

तीन दरवाज्यापाशी झुणका-भाकरी घेऊन बसलो. मन जुनीकडं गेलं होतं. एकच प्रश्न राहिला होता, आणि जुनी गाडी घेताना तो विचारायचाच असतो.

"आप्पा, इतकी चांगली गाडी विकताय कशाला?"

आप्पांनी पँट वर सरकवून उजवा गुडघा दाखवला. त्याला पट्टा बांधलेला होता. "डाक्टर म्हनला, किक बंद. आता नातू चालू करून देतोय तवा मी जातोय. परवा बाजारात बंद पडली तर चालू कराय भाजीवालीचा पोरगा बोलवाय लागला." मग त्यांनी खिशातून चार घड्यांचा एक रंगीत कागद काढला आणि भाकरीच्या ताटाशेजारी उलगडून ठेवला. त्यावर क्लासिक ३५० होती.

"ही घेतोय. सेल्फ हाय. किक तर बसवतच न्हाईत म्हनं. दिसायला आमच्या जुन्यासारखीच दिसतीया, म्हंजे गल्लीत कुनाला काय सांगाय नको. रंग कुठला घिऊ?"

मी पुण्याहून जे आकडे पाठ करून आलो होतो ते अखेर पन्हाळ्यावर कामाला आले. एबीएस सांगितला. थरथर मारणारा शाफ्ट सांगितला. गियर आता डाव्या पायाला, म्हणजे दुखरा गुडघा गियरपासून मोकळा, हे सांगितल्यावर आप्पांनी भाकरी खाली ठेवली आणि पुन्हा एकदा सांगायला लावलं.

"आवाज?"

"लांबचं नातं आहे."

"असू दे. घरातली दुपारची झोपत्यात तरी."

किमतीत काही कमी होईल का, हे मी उतरताना हळूच विचारून बघितलं. "पंच्याऐंशी म्हंजे माझं डाउन पेमेंट हाय," आप्पा म्हणाले. "तुम्ही पाच कमी केलं तर ब्यांक माझ्या खिशातनं पाच काढतीया." बँकेशी घासाघीस करायची ताकद माझ्यात नव्हती. शिवाय उतारावर ड्रम ब्रेकच्या गाडीवरच्या माणसाला बोलण्यात गुंतवू नये.

उद्यमनगरात परत आलो तर बायको, सासूबाई आणि मेहुणा आप्पांच्या ओसरीवर चहा पीत बसलेले. फॉर्म २९ आणि ३० वर आप्पांच्या सह्याही निघायच्या आधीच झालेल्या. पुण्याला नाव चढवायचं तर कोल्हापूर आरटीओची एनओसी लागेल, गाडी पंधरा वर्षांवरची आहे त्यामुळं फिटनेसची मुदत बघून घ्यावी, हे सगळं सासूबाईंना पाठ होतं. त्यांनी हे कुठून गोळा केलं ते मी विचारलं नाही. आप्पांनी फक्त एक अट घातली.

"सर्व्हिसिंग इथंच. पुन्यात कुनी हात लावायचा न्हाई. तीन म्हैन्यानं घिऊन यायची."

मी तोंड उघडायच्या आत बायको म्हणाली, "चालेल."

"अगं, साडेचारशे किलोमीटर जाऊन-येऊन..."

"तुम्ही गाडी घेऊन या. मी एसटीनं येईन. अर्ध्यात."

पैसे द्यायची वेळ आली तेव्हा आप्पा म्हणाले, माझ्या खात्यावर कशाला, तिकडंच टाका, आज बुकिंग केलं की दसऱ्याला मिळतीया. नातवानं फोनवर शोरूमचा क्यूआर कोड धरला. मी स्कॅन केला. पंच्याऐंशी हजार गेले आणि मिनिटभरात माझ्याच फोनवर एक गोड आवाज आला.

"अभिनंदन सर! नवी गाडी आपल्या नावावरच ना?"

ओसरीवरची सगळी माझ्याकडं बघत होती. मी फोन आप्पांकडं दिला.

"माझ्या नावावर," आप्पा म्हणाले. "ते फक्त पैसं देनारं पावनं हायत." पलीकडून काहीतरी बराच वेळ विचारलं गेलं. आप्पांनी ऐकून घेतलं. "न्हाई, न्हाई. लेग गार्ड नको. सीट कव्हर बी नको. तुमी नुसती गाडी द्या बाई, बाकीचं आमी गल्लीत करून घेतो."