हरलो, पण सकारण

उभा जन्म मी सहकारी पतसंस्थांची पुस्तकं तपासण्यात घालवला. त्यामुळे निवृत्तीनंतर अंगात दोनच कला उरल्या आहेत: दुसऱ्याची चूक हुडकणं आणि ती तांबड्या शाईत मांडणं. अशा माणसाच्या हाती व्हिडिओ गेम देऊ नये. पण पुतण्याच्या मुलीला, वय वर्षं दहा, उन्हाळ्याच्या सुट्टीत खेळायला कोणी मिळेना, म्हणून तिनं मला पोकेमॉनला बसवलं, आणि मी इतका हरलो, इतका हरलो, की शेवटी बायकोनं स्वयंपाकघरातून येऊन विचारलं, "यात पैसे लावलेले नाहीत ना?"

तुम्ही म्हणाल, हरलात तर हरलात, खेळच तो. तसं नसतं. ऑडिटर हरत नाही. त्याला विसंगती आढळते.

खेळ म्हटला तर साधा आहे. रानात हिंडायचं, चित्रविचित्र प्राणी चेंडूत पकडायचे, वाढवायचे आणि दुसऱ्याच्या प्राण्यांशी लढवायचे. सातोशी ताजिरी नावाच्या गृहस्थांना हे सुचलं ते लहानपणीच्या किडे पकडण्याच्या नादातून. ते वाढले टोकियोच्या कडेला, माचिदा भागात. तिथली शेतं आणि डबकी पुढे इमारतींखाली गेली, आणि शहरातल्या पोरांना ती मजा खिशातल्या यंत्रात तरी मिळावी असं त्यांच्या मनानं घेतलं. २७ फेब्रुवारी १९९६ ला जपानात गेमबॉयवर 'रेड' आणि 'ग्रीन' आले. तेव्हा प्राणी १५१ होते, आज हजाराच्या वर आहेत. पाणी आगीवर भारी, आग गवतावर, गवत पाण्यावर, एवढ्या त्रिकोणावर सगळा डोलारा उभा आहे आणि तो इतका चोख आहे की सहा वर्षांच्या पोराला पहिल्या लढतीत कळतो. पुढे हे प्रकार वाढत वाढत १८ झाले, म्हणजे कोण कोणावर भारी याचं कोष्टक झालं ३२४ घरांचं. नातीला ते तोंडपाठ आहे. मी त्याची मोठी प्रिंट काढली, टिकावी म्हणून लॅमिनेट करून आणली आणि शर्टाच्या खिशात ठेवायला गेलो. लॅमिनेट केलेल्या कागदाची घडी होत नाही.

आमचा खेळ होता 'स्कार्लेट'. सुरुवातीला तीन पिल्लांतून एक निवडायचं असतं. मी फ्युकोको नावाची तांबडी मगर घेतली, कारण ती नुकतीच जेवून उठल्यासारखी आणि आता वामकुक्षी काढणार अशी दिसत होती, आणि आमचे विचार जुळले. हा खेळ स्पेन-पोर्तुगालच्या धर्तीवर रचलेल्या मोकळ्या मुलखात चालतो. जिम, म्हणजे लढतीचे अड्डे, आठ; कोणत्याही क्रमानं गाठा, तुमची मर्जी. मी 'मर्जी' हा शब्द गांभीर्यानं घेतला, समोर दिसेल त्या टेकाडावरून निघालो, दोन वळणं चुकलो, एक नदी ओलांडायची नव्हती ती ओलांडली, आणि जिथे पोहोचलो तिथल्या प्रत्येक प्राण्यानं माझ्या मगरीला एकेका फटक्यात झोपवलं. जायची मुभा कुठेही असली, तरी समोरच्याची ताकद तुम्हाला पाहून कमीजास्त होत नाही. ती ठरलेलीच असते. मुक्त मुलखाच्या खेळातली ही उणीव पुष्कळ जाणकारांनी दाखवली आहे. मी ती नातीला ठणकावून सांगितली.

"आजोबा," ती म्हणाली, "जवळचं जिम आधी करायचं असतं."

तिला माझी दया आली असावी, कारण तिनं आपला एक धिप्पाड प्राणी मला देऊ केला. मी ऐटीत त्याला मैदानात उतरवला. हुकूम सोडला, त्यानं दुसरीकडे पाहिलं. पुन्हा सोडला, तो झोपला. मी त्याचा तक्रारअर्ज मनात जुळवत होतो, तेवढ्यात कळलं की जिम जिंकून मिळणारे बॅज पुरेसे नसलेल्या माणसाचं ताकदवान प्राणी ऐकतच नाहीत, तसा नियमच आहे. बायको मागे उभी होती. "शहाणा आहे," ती म्हणाली. प्राण्याबद्दल.

आता मात्र मी रीतसर तपासणी हाती घेतली. वही आणली, समास आखला, दोष गोळा करू लागलो. आणि काय सांगू, घबाड लागलं! 'स्कार्लेट' आणि तिची जोडीदार 'व्हायोलेट' नोव्हेंबर २०२२ मध्ये आल्या, पहिल्या तीन दिवसांत मिळून एक कोटीहून जास्त प्रती खपल्या, आणि त्याच आठवड्यात जगभरच्या खेळाडूंनी पुरावे मांडायला सुरुवात केली: दूरच्या पवनचक्कीची पाती हप्त्याहप्त्यानं फिरतात, लांबून येणारी माणसं अडखळत चालतात, कोणी जमिनीत कमरेपर्यंत रुततो, कोणी थेट आरपार जाऊन जगाच्या तळाशी पडतो. पुढच्याच महिन्यात निन्टेंडोनं दुरुस्तीच्या टिपणात दिलगिरी व्यक्त केली. दिलगिरी! माझ्या कारकिर्दीत कोण्या संस्थेनं आक्षेपाला इतकं सरळ उत्तर दिलेलं नाही. मी तो कागद फडकवत नातीकडे गेलो.

तिनं शांतपणे वाचला. मग म्हणाली, "म्हणजे पवनचक्की अडखळली म्हणून तुम्ही आगीचा प्राणी पाण्यात उतरवलात?"

चालू वर्षाच्या हिशेबात दाद मिळेना, तेव्हा मुरलेला ऑडिटर जे करतो तेच मी केलं. जुनी दप्तरं काढली. १९९६ च्या मूळ खेळात जे काही सापडलं त्यानं मला तारुण्य परत आलं. एक आक्षेप तर सोन्याचा. वार लागला की चुकला हे ठरवायला तो खेळ ० ते २५५ मधला एक आकडा काढतो, आणि वाराच्या अचूकतेच्या आकड्याहून तो लहान असला तरच वार लागतो. शंभर टक्के अचूकता नोंदवली आहे २५५ अशी. आता नेमका २५५ आला, तर तो २५५ पेक्षा लहान नाही, आणि शंभर टक्क्यांचा वार चुकतो. २५६ त एकदा! ०.३९ टक्क्यांची तफावत, तीही छापील शंभर टक्क्यांत! त्या रात्री मला झोप आली नाही. शिवाय एक 'फोकस एनर्जी' नावाची युक्ती, जिनं वर्मी घाव बसण्याची शक्यता चौपट व्हायला हवी होती, तिनं ती पाव व्हायची. आणि भुतांचे वार ज्या मनकवड्या प्राण्यांवर भारी पडायला हवे होते, त्यांच्यावरच ते शून्य परिणामाचे नोंदले गेले होते, त्यामुळे ते मनकवडे सगळ्या खेळाला पुरून उरले.

मी जाहीर केलं की परवाचा माझा चुकलेला वार हाच तो २५६ तला एक. नातीनं आठवण दिली की परवाचा खेळ 'स्कार्लेट' होता, ज्यात ही गडबड नाही. आणि वार चुकला नव्हता, मी जमिनीच्या प्राण्यावर वीज टाकली होती. अर्थिंग केलेल्या मिक्सरला हात लावल्यावर जे होतं तेच झालं. म्हणजे काहीच नाही.

मला मूळ दस्तऐवज बघणं भाग होतं. तो घरातच निघाला. माझा पुतण्या लहानपणी न्यू जर्सीत होता, आणि १९९८ साली तिकडे आलेली 'रेड'ची तांबडी काडतुशी त्यानं आजतागायत जपली होती, तिच्यातल्या सेव्ह केलेल्या खेळासकट. सबंध खेळ एका मेगाबाइटचा. आज सकाळी ग्रुपवर आलेला सुप्रभातचा फोटो त्याहून मोठा होता. एवढ्याशा जागेत गावं, गुहा, समुद्र, दीडशे प्राणी आणि त्यांचे सगळे हिशेब बसवायचे म्हणजे एकाच डब्यात डाळ काढून साखर भरण्याचा संसार, आणि चुका नेमक्या तिथूनच शिरल्या. व्हिरिडियन गावात एक म्हातारा प्राणी कसा पकडायचा ते करून दाखवतो. तेवढ्या वेळापुरतं पडद्यावर त्याचं नाव यावं म्हणून खेळाडूचं खरं नाव उचलून, रानातले प्राणी नोंदवायच्या जागेत तात्पुरतं ठेवलेलं असतं. तिथून थेट सिनाबार बेटावर उडत जायचं आणि त्याच्या पूर्व किनाऱ्यालगत पोहायचं. त्या पट्टीला स्वतःचे प्राणी नेमून दिलेले नाहीत. ती उरलीसुरली नोंद वाचते, म्हणजे तुमचं नाव वाचते, आणि नावातल्या अक्षरांप्रमाणे तुमच्यापुढे प्राणी सोडते. अनेकदा येतो तो 'मिसिंगनो', नुसत्या ठिपक्यांचा एक विस्कटलेला ठोकळा. तो दिसला की तुमच्या पिशवीतली सहाव्या जागेवरची वस्तू १२८ नं वाढते.

सहाव्या जागी लोक मौल्यवान वस्तू ठेवतात. मी सगळं यथासांग केलं, म्हाताऱ्याचं शेवटपर्यंत ऐकलं, समवयस्क म्हणून जरा जास्तच ऐकलं, उडत गेलो, पोहलो, ठोकळा प्रकटला, आणि मी पिशवी उघडली. पुतण्यानं १९९८ साली सहाव्या जागी गुहेतून बाहेर पडायचा दोर ठेवला होता. माझ्याकडे आता गाडीभर दोर होता.

इथे थांबायला हवं होतं. पण वाचनात आलं की त्या काडतुशीतली सेव्ह केलेली माहिती आत बसवलेल्या एका नाण्याएवढ्या बॅटरीच्या जिवावर टिकून असते, आणि बॅटरी संपली की सगळं पुसलं जातं. इतक्या वर्षांची बॅटरी! माझ्यातला जबाबदार वडीलधारा जागा झाला. पुतण्या ऑफिसला गेल्यावर मी पान्हे जमवले, चिमटा घेतला, देवघरातली समई जवळ ओढली, कारण ट्यूब नेमकी फडफडत होती, आणि ती जुनी बॅटरी अलगद काढून नवी कोरी बसवली. मधल्या मिनिटाभरात काडतुशीला वीज नव्हती. पुतण्याचं बालपण गेलं. दोरासकट.

पुतण्या संध्याकाळी आला. मी म्हटलं, "तुझी बॅटरी बदलून दिली रे." तो बराच वेळ पडद्याकडे बघत राहिला आणि एवढंच म्हणाला, "थँक्यू, अण्णाकाका." सुसंस्कृत पोरगा. अजून जेवायला येतो, पण घरातली बाकीची यंत्रं आता वरच्या फळीवर ठेवतो.

उरली अब्रू वाचवायला मी 'स्कार्लेट'कडे परत आलो. पुढच्या मुक्कामाला विजेच्या जिमची आयोनो नावाची मुलगी होती. या वेळी अभ्यास चोख होता: विजेची कमजोरी एकच, जमीन. मी क्लॉडसायर नावाचा चिखलातला गोळामटोळ प्राणी वाढवला, आणि त्याला जे चार वार शिकवता येतात ते चारही जमिनीचेच शिकवले, उगाच मिसळ नको. आयोनोचा पहिलाच प्राणी पक्षी निघाला, जमिनीचा वार त्याला लागेना. त्याला मगरीकडून कसंबसं उरकून घेतलं. पुढचे दोन चिखलात झोपवले. मी बायकोला हाक मारली, की ये, बघ. शेवटी आयोनोनं मिसमॅजियस काढलं. हे मुळात भूत. डोक्यावर स्फटिकाचा मुकुट चढवून तिनं त्याला विजेचं रूप दिलं. मी हसलो आणि धरणीकंप केला. परिणाम नाही. चिखल फेकला. परिणाम नाही. ते भूत हवेत तरंगत होतं, त्याला जमिनीशी देणंघेणंच नव्हतं. माझ्या क्लॉडसायरवर त्याची वीज चालत नव्हती, पण त्यानं एक प्रकाश टाकून त्याला असा गोंधळात पाडला, की तो स्वतःलाच मारून घेऊ लागला. माझे चारही वार जमिनीचे. विरोधक हवेत.

"ही उघड चूक आहे!" मी ओरडलो. "विजेची एकच कमजोरी, आणि तीच काढून घेतलेली?"

"चूक नाही ती, आजोबा," नात म्हणाली. "मुद्दाम तसं केलंय. कोष्टक पाठ करून येणाऱ्यांसाठी."

मी वहीचं ते पान कोरंच ठेवलं आहे. मला वाटतं हा खेळ पवनचक्कीच्या पात्यांत कच्चा आणि हिशेबात पक्का आहे, आणि माझा धंदा हिशेबाचा असल्यामुळे मला तक्रारीला जागा उरलेली नाही. एक बाब तेवढी शिल्लक आहे. ताजिरींनी दोन गेमबॉयना जोडणारी वायर पाहिली, तिच्यातून किडे इकडून तिकडे सरपटत जाताहेत अशी कल्पना केली, आणि म्हणून या खेळात काही प्राणी दुसऱ्या माणसाशी अदलाबदल केल्याशिवाय पूर्ण वाढतच नाहीत. माझा हाँटर त्यातलाच. मी तो विश्वासानं नातीकडे पाठवला, तिच्याकडे पोहोचताच त्याचा झकास गेंगर झाला, आणि ती म्हणाली, व्यवहार पूर्ण झाला. मला बदल्यात मॅजिकार्प मिळाला. हा मासा उड्या मारतो, बाकी काही करत नाही. पावती मी घेतली नव्हती.

तेव्हा वाचकहो, तुमच्यापैकी कोणाकडे हा खेळ असेल, स्वभाव सरळ असेल आणि घरात दहा वर्षांचं मूल नसेल, तर कृपा करून कळवा. मी दुसरा हाँटर पकडला आहे. तुमच्याकडे पाठवीन, गेंगर झाला की त्याच दिवशी परत पाठवायचा. लेखी हमीचा मसुदा तयार आहे, सही तेवढी हवी.