भविष्याची देखभाल-दुरुस्ती

थीम पार्क म्हणजे कथा-कल्पनांभोवती रचलेले विहारस्थान, आणि अशा पार्कातील ज्या स्वतंत्र भागात इमारती, झाडे, कर्मचाऱ्यांचे पोशाख, खाद्यपदार्थ आणि कचरापेट्यासुद्धा एकाच कथेला बांधलेल्या असतात, त्या भागाला जाणकार ‘लँड’ असे म्हणतात. तेथे शिरलेल्या माणसाला बाहेरच्या जगाचा काही काळ विसर पडावा, हा त्यामागचा हेतू असतो. हा विसर किती वर्षे टिकतो, या प्रश्नावर दोन प्रकारच्या व्यक्तींचे एकमत होणे कठीण असते. पहिला प्रकार अभ्यासकाचा, आणि दुसरा सार्वजनिक बांधकाम खात्यातून निवृत्त होऊन मुलाच्या आग्रहाखातर कॅलिफोर्नियात आलेल्या उपअभियंत्याचा. पुढील संवाद अ‍ॅनाहाइम येथील डिस्नेलँडच्या ‘टुमारोलँड’ या विभागातील एका बाकावर घडतो असे मानावे. उपअभियंत्याचे कुटुंबीय त्या वेळी रांगेत आहेत, आणि रांग हलत नाही.

अभ्यासक : सर्वप्रथम हे ध्यानात घ्यावे की, 17 जुलै 1955 रोजी उघडलेल्या या पार्काभोवती वॉल्ट डिस्ने यांनी मातीचा उंच बांध घालून घेतला आणि त्यावरून आगगाडी फिरवली, जेणेकरून आत उभ्या असलेल्या माणसाला बाहेरचे रस्ते आणि घरे दिसू नयेत. भ्रमाची पहिली अटच ही, की त्याबाहेरचे काही नजरेस पडता कामा नये.

उपअभियंता : बांध उत्तम आहे, उतारावर झाडी असल्यामुळे माती वाहून जाणार नाही. परंतु साहेब, बाहेरचे झाकले तरी आतले जुने होतेच, त्याचे काय?

अभ्यासक : तोच तर प्रश्न आहे. जी लँड भूतकाळावर बेतलेली असते, तिला वय शोभते. जी भविष्यावर बेतलेली असते, तिला ते मारक ठरते. हा विभाग उघडला तेव्हा येथे 1986 हे साल दाखवण्याचा संकल्प होता.

उपअभियंता : 1986 होऊन गेले.

अभ्यासक : होऊन गेले, हे मान्य करावेच लागते.

उपअभियंता : खात्यात काम मुदतीत न झाल्यास कंत्राटदार मुदतवाढीचा अर्ज करतो. येथे तो कोणी केला?

अभ्यासक : एकदा नव्हे, अनेकदा केला गेला. आरंभी येथे अग्निबाणातून चंद्राची सफर घडवली जात असे. 1967 मध्ये ती नव्या इमारतीत, नव्या थाटात सुरू झाली. दोनच वर्षांनी माणूस खरोखर चंद्रावर उतरल्यामुळे तिच्यातील नवलाई ओसरली, म्हणून 1975 मध्ये त्याच इमारतीतून अग्निबाण मंगळाकडे वळवण्यात आला. 1992 मध्ये मंगळही बंद पडला, आणि 1998 मध्ये तेथे पिझ्झाचे उपाहारगृह निघाले.

उपअभियंता : म्हणजे चंद्र, मंगळ आणि पिझ्झा. यातील तिसरा टप्पा तेवढा अंदाजपत्रकाला धरून दिसतो.

अभ्यासक (दुर्लक्ष करून) : त्याच वर्षी दुसरा उपाय योजण्यात आला. भविष्य जर जुने होतच असेल, तर जुन्या लोकांनी कल्पिलेले भविष्य दाखवावे, ते कधीच खोटे ठरणार नाही, असा त्यामागचा विचार होता. ज्यूल व्हर्न या एकोणिसाव्या शतकातील फ्रेंच कादंबरीकाराच्या सृष्टीला शोभेल असा तांबूस-पितळी रंग सर्वत्र चढवण्यात आला, अगदी स्पेस माउंटन या पांढऱ्याशुभ्र घुमटालाही.

उपअभियंता : घुमट तर समोर पांढराच आहे.

अभ्यासक : काही वर्षांनी पुन्हा पांढरा केला.

उपअभियंता : हे परिचयाचे आहे. एका साहेबांना पिवळा आवडतो, दुसऱ्यांना पांढरा, आणि रंगाऱ्याचे बिल दोन्ही वेळा निघते. ते असो. डोक्यावरून हा जो पुलासारखा मार्ग गेला आहे, त्यावरून इतक्या वेळात काहीच का गेले नाही?

(अभ्यासक चष्मा पुसतो. या विषयाला हात घालताना पार्कांचे बहुतेक चाहते चष्मा पुसतात, किंवा चष्मा नसल्यास उसासा टाकतात.)

अभ्यासक : 1967 पासून त्यावरून ‘पीपलमूव्हर’ धावत असे, म्हणजे छोट्या डब्यांची एक संथ, न थांबणारी गाडी, जी उद्याच्या शहरांतील वाहतुकीचा नमुना म्हणून मांडली होती. 1995 मध्ये ती बंद झाली. 1998 मध्ये त्याच मार्गावर ‘रॉकेट रॉड्स’ ही अतिवेगवान वाहने सोडण्यात आली.

उपअभियंता : त्याच मार्गावर? वळणांवर सुपरएलिव्हेशन दिले होते ना?

अभ्यासक : म्हणजे?

उपअभियंता : वळणावर रस्त्याची बाहेरची कड आतल्या कडेपेक्षा उंच ठेवतात, त्यामुळे वेगातले वाहन बाहेर फेकले जात नाही. पदविकेच्या विद्यार्थ्यालाही हे ठाऊक असते.

अभ्यासक : ते दिले नव्हते. मार्ग संथ गाडीसाठी सपाट बांधलेला असल्यामुळे प्रत्येक सरळ टप्प्यावर वेग घ्यायचा, आणि प्रत्येक वळणाआधी तो उतरवायचा, असा प्रकार चाले. वारंवार बिघाड होऊन 2000 साली ती वाहनेही बंद पडली, आणि मार्ग तेव्हापासून रिकामा उभा आहे.

उपअभियंता (प्रथमच हळहळून) : वळणे न सुधारता वेग वाढवला! मग इथे भ्रमाला वय मारक ठरले, असे कसे म्हणता येईल? जुनी संथ गाडी चालू असती तर लोक कौतुकाने बसले असते. माणसाला जुने खटकत नाही, बंद पडलेले खटकते. गणपतीच्या देखाव्यातला हलता राक्षस दहाव्या दिवशीही पोरांना घाबरवतो, पण पाचव्या दिवशी मोटार जळाली, तर पोरे त्याच्या पोटातली वायर दाखवतात.

अभ्यासक : फ्लोरिडातील ‘एक्स्पिडिशन एव्हरेस्ट’ या सफरीतील महाकाय यती, म्हणजे हिमालयातील दंतकथेतला हिममानव, याचे नेमके असेच झाले. 2006 मध्ये सफर सुरू झाली तेव्हा तो प्रवाशांवर झेप घेई. काही महिन्यांतच त्याची हालचाल बंद करावी लागली, आणि पुढे त्याच्यावर दिव्यांची उघडझाप करून तो हलल्याचा भास निर्माण करण्यात आला. चाहते त्याला ‘डिस्को यती’ म्हणतात.

उपअभियंता : मंत्र्यांच्या दौऱ्याआधी बंद कारंज्यावर रंगीत दिवे सोडतात, ते याच शास्त्रानुसार.

(रांग अद्याप हललेली नसल्यामुळे दोघेही याच पार्कातील, 31 मे 2019 रोजी उघडलेल्या ‘गॅलक्सीज एज’ या ‘स्टार वॉर्स’ चित्रपटांवरील लँडमध्ये येतात. बाटू नावाच्या काल्पनिक ग्रहावरील ही एक व्यापारी वसाहत असून, तिच्या भिंतींवर गंज, ओघळ, पोपडे आणि गोळीबाराच्या खुणा बांधकामाच्या वेळीच कौशल्याने घडवलेल्या आहेत.)

अभ्यासक : येथे काळावर आधीच मात केलेली आहे. जे जन्मतःच जीर्ण आहे, ते आणखी जीर्ण झाले तरी कथेत बसते. पुढे कधी छत गळले, तर पाहुणे ‘वाहवा’ म्हणतील.

उपअभियंता : गळतीला वाहवा मिळते, असे खाते सेवाकाळात माहीत असायला हवे होते.

अभ्यासक : तथापि येथेही एक अडचण आली. या वसाहतीची कथा 2017 आणि 2019 च्या दोन चित्रपटांच्या मधल्या काळात घट्ट रोवलेली होती, त्यामुळे डार्थ व्हेडर हा सर्वांत प्रसिद्ध खलनायक येथे येऊ शकत नव्हता, कारण कथेनुसार तो त्याआधीच मरण पावलेला आहे.

उपअभियंता : मयत कर्मचारी हजेरीपटावर दाखवला नाही, हे योग्यच झाले.

अभ्यासक : परंतु पाहुण्यांना ओळखीचे चेहरे हवे असतात. 2022 मध्ये मँडलोरियन हा योद्धा आणि त्याचा हिरवा बालक ग्रोगू यांना येथे फिरू देण्यात आले, जरी त्यांची कथा या वसाहतीच्या काळाच्या बरीच आधीची आहे.

उपअभियंता : म्हणजे प्रतिनियुक्तीवर आले. नियमात बसते. (एका भिंतीजवळ थांबतो, नख लावून पाहतो.) ही चीर मात्र खरी वाटते.

अभ्यासक : ती घडवलेली आहे.

उपअभियंता : घडवलेली चीर इतकी सरळ कोपऱ्याकडे जात नाही. आणि येथे सगळ्याच चिरा घडवलेल्या असतील, तर पाहणीला आलेल्या कनिष्ठ अभियंत्याने अहवालात काय लिहावे? खरी किती, खोटी किती, मोजमाप पुस्तकात कोणत्या रकान्यात धरावी?

(वसाहतीतील रहिवाशाच्या पोशाखातील एक कर्मचारी जवळ येतो. तेथील प्रथेप्रमाणे तो ‘ब्राइट सन्स’ असे अभिवादन करून, प्रश्न समजताच अत्यंत गंभीरपणे सांगतो की, ही चीर फर्स्ट ऑर्डरच्या, म्हणजे कथेतील जुलमी राजवटीच्या, सैनिकांनी केलेल्या हल्ल्यात पडली. अभ्यासकाचे डोळे भरून येतात.)

अभ्यासक : पाहिलेत? भ्रम शाबूत आहे!

उपअभियंता : ते ठीक आहे. पण बांधकाम पूर्ण झाल्यावर ठरावीक वर्षे निघालेले दोष कंत्राटदाराने स्वखर्चाने दुरुस्त करायचे असतात, त्याला दोषदायित्व कालावधी म्हणतात. हल्ला त्या कालावधीत झाला की नंतर, एवढे या गृहस्थांना विचारून घ्यावे.