लायडरवाले उस्ताद

कळमनुरीत ‘उस्ताद’ म्हटलं की पूर्वी एकच माणूस डोळ्यांपुढं यायचा. हिंगोलीच्या रस्त्यावर काळी-पिवळी चालवणारा, नऊ सिटांच्या जीपमध्ये एकोणीस माणसं बसवून विसाव्याला “या की, जागाच जागा हाय” म्हणणारा. तेच उस्ताद आता पांढऱ्या बोलेरोच्या स्टिअरिंगवर असतात. मागं पुण्याची दोन पोरं लॅपटॉप मांडीवर घेऊन, शेजारच्या सिटावर बॅटरी. ओळखीच्या माणसानं हात दाखवला की उस्ताद काचेतूनच मान हलवतात. “वजन चालत नाही मशीनला,” हे नंतर हॉटेलात सांगतात. टपावरच्या त्या सेन्सरचं स्वतःचं वजन किलोभरसुद्धा नाही, आणि खाली कोण बसलंय याच्याशी त्याला देणंघेणं नाही. पण उभ्या आयुष्यात कुणाला ‘नाही’ म्हणायची सोय नव्हती, ती आत्ता कुठं झाली आहे.

काम रस्त्याच्या सर्वेक्षणाचं. टपावर लोखंडी सांगाडा, त्यावर पंजात मावेल एवढा गोल डबा, तोच लायडर सेन्सर. त्यात सोळा लेसर. डबा सेकंदाला दहा फेरे घेतो आणि तेवढ्यात शंभर मीटरच्या आतल्या जगाचे तीन लाख बिंदू टिपतो. प्रकाश जाऊन, आपटून परत यायला किती वेळ लागला त्यावरून अंतर काढायचं, एवढीच युक्ती; फक्त शंभर मीटरला जाऊन यायला प्रकाशाला सेकंदाचा दहा लाखावा भागही पुरून उरतो. पोरं हे सांगायला अर्धा तास घेतात. उस्ताद तीन शब्दांत उरकतात : “जातंय, आपटतंय, येतंय.”

पोरं बदलत राहतात. कुणाला बंगळूरची नोकरी लागते, कुणाचं लग्न ठरतं. उस्ताद कायम आहेत. त्यामुळं नवा इंजिनिअर आला की त्याचं प्रशिक्षण कोण करतं हे सांगायला नको. पहिल्याच सकाळी त्या बिचाऱ्याचा लॅपटॉप सेन्सरशी बोलत नाही. तो केबल काढतो, घालतो, पुण्याला फोन लावतो. उस्ताद तंबाखू मळत बघत राहतात. अपमान पुरता पिकल्याशिवाय ते तोंड उघडत नाहीत. मग म्हणतात, “साहेब, तिचा नंबर १९२.१६८.१.२०१. तुमचे पहिले तीन आकडे तेच ठेवा, शेवटचा दुसरा टाका. गट नंबर एक, पोटहिस्सा वेगळा. दोघांचा पोटहिस्सा एक झाला की भांडण आलंच.” सातबारा न बघितलेल्या पोराला गट कळत नाही, पण आकडा बदलल्यावर पडद्यावर हिरवे-निळे ठिपके नाचू लागतात. तेव्हापासून ते पोरगं ‘ड्रायव्हर’ सोडून ‘काका’ म्हणू लागतं.

उस्तादांची सकाळ सोवळ्याची असते. आधी सांगाड्याचे नटबोल्ट. सेन्सर आणि त्याच्याजवळचं हालचाल मोजणारं यंत्र एकमेकांपासून केसभरही हलता कामा नयेत. एकानं दणके बसू नयेत म्हणून मध्ये मऊ रबर घातलं होतं. “झोके खाईल ती. झोक्यात बसून कुणी रस्ता मोजतं का?” म्हणत उस्तादांनी रबर काढायला लावलं आणि वेल्डिंगवाल्याकडून आडवा अँगल मारून घेतला. मग टेप. यंत्रापासून सेन्सर किती, अँटेना किती, हे तिन्ही दिशांनी मोजायचं. याला पोरं ‘लिव्हर आर्म’ म्हणतात, आता उस्तादही म्हणतात. मग सेन्सरची काच पुसायची. तिला ते खांद्यावरची दस्ती लावू देत नाहीत. स्वतःच्या तोंडाला जी चालते ती तिला चालत नाही.

नंतर गाडी उघड्या आभाळाखाली काही मिनिटं निपचित उभी करायची. त्या वेळात हॉर्न नाही, दार आपटणं नाही. लिंबाखाली तर मुळीच नाही, फांद्यांत सॅटेलाइट तुटतं. आणि मग मैदानात इंग्रजी आठाचे आकडे काढायचे. गाडी वळली, पुन्हा उलटी वळली, की त्या हालचाल मोजणाऱ्या यंत्राला आपलं तोंड कुठं आहे ते पक्कं उमगतं. आता उस्तादांचं लायसन्स हिंगोली परभणी जिल्ह्यात होती तेव्हाचं, म्हणजे १९९९ च्या आधीचं. त्या लायसन्ससाठी त्यांनी आठ काढला होता का, हा प्रश्न गावात कुणी विचारत नाही. एवढं खरं की ती उधारी ते आता रोज सकाळी फेडतात. पहिल्या दिवशी मैदानावरच्या म्हाताऱ्यांनी घरी निरोप धाडला होता : “तुमचा माणूस सकाळीच घेऊन आलाय.”

डब्याची किंमत विचारली की आकडा समोरच्यावर ठरतो. हवालदाराला कमी, मेहुण्याला जास्त. लेसरनं डोळे जातात का, असं कुणी विचारलं की उस्ताद स्वतःचं तोंड डब्यापुढं नेऊन दाखवतात. डोळ्याला धोका नसलेल्या वर्गातलाच लेसर तो, पण बघणाऱ्याला ते धाडस वाटतं. असा गरगर फिरणारा लायडर पहिल्यांदा गाडीवर चढवला तो कॅलिफोर्नियातल्या वेलोडाइननं, २००५ च्या बिनड्रायव्हरच्या गाड्यांच्या शर्यतीत. आणि ती कंपनी मूळची स्पीकरचे सबवूफर बनवणारी. हे कळल्यावर उस्ताद खूश झाले. “म्हणजे डीजेवाल्याचंच लेकरू की!” ड्रायव्हर नसलेल्या गाडीसाठी, हा भाग त्यांनी ऐकून सोडून दिला.

जिल्ह्याला लेसर नवा नाही, हे मात्र ते आवर्जून सांगतात. औंढा नागनाथजवळ लायगोची वेधशाळा व्हायची आहे. २०२३ च्या एप्रिलमध्ये केंद्रानं २,६०० कोटी मंजूर केले. चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा, आणि त्यांत लेसर. तिथं गुरुत्वीय लहरी शोधणार, इथं उस्ताद बाळापूरच्या रस्त्याचे खड्डे. “खातं एकच हाय, डिपार्टमेंट येगळं,” असं त्यांचं म्हणणं.

खड्ड्यांत मशीनपेक्षा त्यांचा अधिकार मोठा. पावसाचं पाणी साचलेला खड्डा लायडरला नीट दिसत नाही. पाण्यावर पडलेला प्रकाश भलतीकडं जातो, परत येत नाही, आणि पडद्यावर तेवढी जागा कोरी राहते. पोरं म्हणतात डेटा गेला. उस्ताद म्हणतात, “खड्डा घावला.” काळ्या रंगावरून प्रकाश जेमतेम परततो, त्यामुळं पुढाऱ्याची काळी स्कॉर्पिओ लांबून अर्धीमुर्धीच उमटते, यावर उस्ताद काही बोलत नाहीत, नुसते हसतात. कौतुकानं गाडीबरोबर चालत आलेला माणूस तर पडद्यावर लांबच लांब ओघळतो. त्यांचे एक चुलतभाऊ वीस फूट झाले होते.

गावाबाहेर हा डबा फिरताना दिसला की शिवारातून माणसं धावत येतात. शक्तिपीठ महामार्गाला हिंगोली-नांदेडकडच्या शेतकऱ्यांचा विरोध. मग टपावर काहीतरी फिरतंय म्हणजे मोजणीच आली. पोरं ओळखपत्र काढतात, त्यानं गर्दी आणखी वाढते. उस्ताद खाली उतरून आधी हळदीचा भाव विचारतात. पाच मिनिटांनी म्हणतात, “आपल्याच रोडची हाय मोजणी. तुमच्या धुऱ्याला हात लावला तर मला ह्याच लिंबाला बांधा.” मग कुणी तरी हळूच विचारतं, बोअरला पाणी किती फुटावर लागेल ते सांगतं का हे. जमिनीखालचं त्याला काही दिसत नाही, असं पोरं सांगू बघतात. उस्ताद त्यांना गाडीत बसवतात. इतकं खरं बोलून सर्वेक्षण होत नाही.

बाजारपेठेत वेगळा तमाशा. ही गाडी ओटे, पत्रे, पायऱ्या बोटभर फरकानं टिपते, ही बातमी तिच्या आधी पोचली होती. दुकानांपुढची पिंपं, पाट्या, खाटा आत गेल्या आणि रस्ता रुंद झाला. जे आत ओढता येत नव्हतं त्याच्या मालकांनी उस्तादांना चहा पाजला. आमच्यापुढं जरा मशीन बंद ठेवा, उस्ताद. उस्ताद बशीत ओतून चहा संपवायचे, मिशी पुसायचे. “मी तुमचा हाय हो. पण ती कुणाच्या चहाला मिंधी नाही. तिला जे हाय ते दिसतंय, नाही ते दिसत नाही.” आणि दुसऱ्या दुकानाच्या चहाकडं वळायचे.

संध्याकाळी पोरं दिवसभराचे बिंदू जोडत बसली होती. आख्खं गाव पडद्यावर ठिपक्यांचं झालेलं. खाली निळं, वर तांबडं. एक गल्ली फिरवताना पोरगं थांबलं. “काका, हे घर बघा. पायऱ्या रस्त्यात दोन फूट चार इंच पुढं आल्यात. कुणाचं आहे?”

उस्तादांनी चष्मा लावला. गच्चीवरची पाण्याची टाकी, दाराशी तुळशीवृंदावन, दोरीवर वाळत घातलेली सतरंजी. बराच वेळ बघितलं.

“साहेब,” ते म्हणाले, “आज सकाळी आठ नीट बसला नव्हता. उद्या टेप काढा. सगळा लिव्हर आर्म परत मोजावा लागतोय.”