विकतचं नाही ना?

प्रत्येक इमारतीत एक फराळकाकू असतात. आमच्या दुसऱ्या मजल्यावर राहतात आणि मी तिसऱ्या, त्यामुळे त्यांच्या कढईचा वास सगळ्यांत आधी माझ्याकडे येतो. भिंतीवरचं कॅलेंडर मी केवळ दूधवाल्याचे खाडे मांडायला वापरते, सणवार मला नाकाने कळतात. चिक्कीच्या गुळाचा पाक चढला की संक्रांत. पुरणात जायफळ पडलं की होळी. हळदीच्या पानांचा वाफाळ वास आला की नागपंचमीच्या पातोळ्या, म्हणजे त्या दिवशी काकू विळीला हात लावणार नाहीत आणि आपणही सुरी मागायला जायचं नाही. एका वर्षी रात्री दहा वाजता भाजणीचा खमंग वास आला आणि मी दचकून उठले. दिवाळीच्या रजेचा अर्ज टाकायचा राहिला होता.

एप्रिल-मे महिन्यांत गच्ची काकूंची असते. तिथे कुरडया, सांडगे आणि साबुदाण्याच्या पापड्या वाळत असतात आणि सोसायटीच्या सचिवांनाही पाण्याची टाकी बघायला जायचं तर आधी काकूंना विचारावं लागतं.

पण त्यांचा खरा दरारा दिवाळीत. आपण फराळाचं ताट घेऊन दारात उभे असतो. काकू वरचा विणलेला रुमाल बाजूला करतात, ताटावर एक नजर फिरवतात आणि अतिशय मायेने विचारतात, "विकतचं नाही ना गं?"

या प्रश्नाला उत्तर नाही. मी एकदा दिलं होतं. कोपऱ्यावरच्या दुकानातून अर्धा किलो चकली आणली, घरच्या स्टीलच्या डब्यात भरली, घरगुती वाटावी म्हणून चार चकल्या मुद्दाम मोडल्या आणि म्हटलं, "छे हो काकू, घरचीच." काकूंनी एक चकली उचलून दिव्यासमोर धरली. तेव्हा मला कोर्टातला पुरावा कसा हाताळतात ते समजलं. "तुझा सोऱ्या फारच गुणी दिसतो हो," त्या म्हणाल्या, "पहिली चकली आणि शेवटची चकली अगदी सारखी!" पुढे एक शब्द नाही. वर मला त्यांनी बेसनाचे सहा लाडू दिले. एरवी चार देतात. ते जास्तीचे दोन लाडू मला अजून पचलेले नाहीत.

फसलेल्या पदार्थाबद्दल मात्र त्या उदार आहेत. घरी केलेलं बिघडलं तर तो अपघात, विकत आणलेलं चांगलं निघालं तरी तो गुन्हा. शिवाय बिघडलेल्या फराळासाठी मराठीत जेवढे शब्द आहेत तेवढे बिघडलेल्या माणसांसाठीही नसतील, आणि ते सगळे काकूंच्या जिभेवर. सारण कमी पडून करंजी हलवल्यावर वाजली की तो खुळखुळा. बेसनात तूप जास्त झालं की लाडू बसतो. मोहन जास्त झालं तर चकली तेलात विरघळते, कमी पडलं तर दगड होते. शंकरपाळं वातड होतं, पातळ पोहे आकसतात आणि अनारसा हसतो. अनारसा हसणं म्हणजे तो तुपात पडल्या पडल्या फुटून कढईभर पसरणं. तो हसतो आणि करणारी रडते. जगातल्या दुसऱ्या कुठल्या भाषेने गोड पदार्थाला करणारीवर हसण्याची मुभा दिली असेल असं मला वाटत नाही.

काकूंकडून कृती घेणं हा वेगळा छळ. कमलाबाई ओगल्यांच्या ‘रुचिरा’ने 1970 साली वाटी-चमच्याचं प्रमाण घरोघरी नेलं. काकूंकडेही ती आहे, पाठ उसवलेली, तुपाचे डाग पडलेली. पण समासात पेन्सिलीने "गूळ कमी", "एवढं पाणी कशाला?" अशा दुरुस्त्या. काकूंचं स्वतःचं प्रमाण तीन शब्दांत संपतं: "मावेल तेवढं पीठ." किती मावेल, हे पिठाने ठरवायचं. मी डिजिटल वजनकाटा घेऊन त्यांच्या ओट्याशी उभी राहिले तेव्हा त्यांनी त्याच्याकडे, एखाद्या मुलीने लग्नाआधीच जावई घरी आणावा तसं पाहिलं. देशात दशमान वजनं लागू व्हायला 1958 मध्ये सुरुवात झाली. काकूंच्या ओट्यापर्यंत ती पोहोचायची आहेत. त्या अजून चिपटं-मापट्याचा हिशेब करतात, चार शेरांची पायली धरतात, आणि किलोला "तुमचा किलो" म्हणतात.

काका? काका आहेत. बँकेतून निवृत्त झाले. तिथे त्यांच्या सहीशिवाय चेक वटत नसे. इथे ते सोऱ्या दाबतात.

फराळकाकूंना फक्त आपलेच सण पुरतात असं समजू नका. पहिल्या मजल्यावर एक गोव्याचं ख्रिस्ती कुटुंब आहे. नाताळात त्यांच्याकडून दोदोल, बिबिंका आणि नेवऱ्या येतात. पहिल्या वर्षी काकूंनी नेवरी हातात घेतली, कानाशी हलवली, वाजली नाही. मग चावा घेऊन जाहीर केलं, "ही आपली करंजीच की! देवळातून चर्चमध्ये गेली म्हणून काय झालं." त्या बाईंनीही हसून सांगितलं की त्यांच्या गावी नेवऱ्या चतुर्थीला हिंदूंच्या घरीही होतात. तेव्हापासून काकूंनी 25 डिसेंबर ताब्यात घेतला आहे. त्या दिवशी नानखटाई. लहानपणी मैदा, पिठीसाखर आणि डालड्याचा डबा घेऊन बेकरीत रांग लावल्याची गोष्ट त्या दर वर्षी सांगतात. भट्टीतून पत्रे बाहेर आले की आपला कुठला यावरून बायकांची जुंपायची. आता घरात ओव्हन आहे, पण भांडायला कोणी नाही म्हणून नानखटाईला पूर्वीची चव नाही, असं त्यांचं प्रामाणिक मत.

काकूंची लेक न्यू जर्सीला आहे. तिचा फराळ दिवाळीआधी महिनाभर पाठवावा लागतो आणि मुहूर्त नेमका पितृपक्षात येतो. यावर काकूंनी स्वतःच धर्मनिर्णय दिला आहे: भाजणी पितृपक्षात भाजली तर चालते, तळण घट बसल्यावर.

मी या सगळ्याकडे खालून येणारा वास घेत मजेत पाहत होते, पण 2023 साली अधिक श्रावण आला. माझ्या मुलीचं लग्न आदल्याच वर्षी झालेलं. जावयाला अधिकाचं वाण, म्हणजे तेहतीस अनारसे. मी सहज बोलून गेले की दुकानात छान मिळतात. काकूंनी हातातलं लाटणं खाली ठेवलं. "जावयाला? विकतचे?"

दुसऱ्या दिवशी त्यांनी जुने तांदूळ पाठवले. तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचं. मी ऑफिसातून काकांना फोन करून पाणी बदलायला वर पाठवत होते. मुख्य व्यवस्थापक राहिलेला माणूस, पण अनारशाच्या तांदळाचं पाणी एकदाही चुकवलं नाही. चौथ्या दिवशी तांदूळ उपसून सावलीत कापडावर पसरायचे. बाहेर जुलैचा पाऊस. मग दिवाणखान्यात धोतर अंथरलं, पंखा पाचवर, आणि घरच्यांनी दोन तास कडेकडेने चालायचं. ओलसर असतानाच दळलं, चाळलं, किसलेला गूळ घालून मळलं, गोळे करून डब्यात मुरत ठेवलं. "किती दिवस?" मी विचारलं. "मुरेपर्यंत."

तळायच्या दिवशी काकू स्टूल घेऊन माझ्या स्वयंपाकघरात बसल्या. खसखशीवर थापलेला पहिला अनारसा, खसखस वर ठेवून, मी तुपात सोडला. तो हसला. अगदी खदखदून. काकू काही बोलल्या नाहीत. चिमूटभर कोरडी पिठी आणून त्यांनी पिठात घातली. किती ते मी विचारलं नाही. दुसरा थोडा हसला, तिसरा गंभीर झाला. उलटायचा नाही, झाऱ्याने वरून तूप उडवत राहायचं, आणि मग एकदम जाळी पडते. ती पडताना मी पहिल्यांदा पाहिली आणि खरं सांगते, गॅस बंद करायचं भान राहिलं नाही.

तेहतीस झाले. चांदीच्या ताटात, वर दिवा ठेवून दिले. जावईबापूंनी दोन्ही हातांनी घेतले, नमस्कार केला आणि नम्रपणे सांगितलं की ते साखर-गूळ खात नाहीत, वर्ष झालं.

काकूंनी त्यातला एक उचलला, दिव्यासमोर धरला, जाळीतून माझ्याकडे पाहिलं आणि अर्धा मोडून काकांना दिला. पुढचा अधिक मास 2026 चा, ज्येष्ठात. त्या वेळी पावसाचा त्रास कमी, असं म्हणून त्या आपलं स्टूल घेऊन खाली गेल्या.