किती वाजले, विचारणारे सर

समाजभाषाविज्ञानाच्या अभ्यासकाला तुम्ही धापा टाकत जाऊन सांगा, "सर, खालून तुमची स्कूटर कोणीतरी घेऊन चाललंय!" सर जागचे हलणार नाहीत. डोळे बारीक करून म्हणतील, "चाललंय... चाललाय नाही म्हणालात. चोर बाई की बाप्या हे ठाऊक नसलं की नपुंसकलिंग वापरता तर! बरं, तुमच्या आईचं माहेर कुठलं?" तोवर स्कूटर कात्रजचा बोगदा ओलांडून गेलेली असते.

तुम्ही काय म्हणालात याच्याशी सरांना कर्तव्य नसतं. कसं म्हणालात, कोणापुढे म्हणालात आणि दुसऱ्या कोणापुढे तसंच म्हणाला असतात का, एवढंच त्यांना हवं असतं. या उद्योगाला पगार आहे आणि विद्यापीठात खुर्चीही आहे. नाव मात्र अडचणीचं. त्यातला 'समाज' ऐकून लोक सरांना समाजसेवक समजतात, 'भाषा' ऐकून शुद्धलेखनवाले समजतात आणि 'विज्ञान' कानावर पडलं की धाकट्याला दहावीत सायन्सला किती पडतील ते विचारतात.

हा प्राणी एसटीत हमखास दिसतो. खिडकीची जागा मोकळी असताना दोन बोलक्या बायकांच्या मागची जागा धरून जो बसतो, हातात पेपर असून ज्याचं पान तासभर उलटत नाही, ते सर. नगरचं तिकीट काढतात आणि पुढच्या बाकावर नणंदेचा विषय रंगात आला म्हणून शेवगावला उतरतात. जादा पैशांवरून कंडक्टरशी हुज्जत होते, तेव्हाही सरांचं लक्ष कंडक्टरच्या क्रियापदांकडेच असतं.

या पंथाचे गुरू म्हणजे अमेरिकेतले विल्यम लबॉव्ह. १९६२ साली त्यांनी न्यूयॉर्कमधली तीन दुकानं गाठली. सॅक्स हे श्रीमंतांचं, मेसीज मधल्यांचं आणि एस. क्लाइन स्वस्तातलं. चौथ्या मजल्यावर काय मिळतं ते आधी बघून ठेवायचं आणि खाली येऊन विक्रेत्याला विचारायचं, अमुक वस्तू कुठे मिळेल? तो म्हणणार, 'फोर्थ फ्लोअर.' आपण बहिऱ्याचं सोंग घ्यायचं. 'काय म्हणालात?' म्हटलं की तो तेच जरा ठासून सांगणार. मग आडोशाला जाऊन वहीत टिपायचं, की गड्याने र उच्चारला का गिळला. अशा २६४ जणांना लबॉव्हनी पिडलं. निष्कर्ष असा निघाला, की दुकान जितकं भारी तितका र ठळक. गिऱ्हाइकाचा रुबाब विक्रेत्याच्या जिभेवर चढला होता.

सरांनी हा प्रयोग पुण्यात आणला. मराठीत चौथ्या मजल्याचा उपयोग नाही, आपल्याकडे माणूस पकडायचा तो ण आणि न वर. म्हणून सर दुपारी बरोब्बर पावणेतीनला स्वारगेटच्या स्टँडवर उभे राहतात आणि येणाऱ्याजाणाऱ्याला विचारतात, "किती वाजले हो?" स्वतःच्या मनगटावरचं घड्याळ बाहीखाली सारलेलं असतं. बॅग घेऊन धावणारा एक पोरगा म्हणतो, "पावनेतीन." सर कानाला हात लावून, "काय म्हणालात?" पोरगा थबकतो, सरांचा चष्मा बघतो, खिशाचं पेन बघतो आणि दुसऱ्या खेपेला ण असा काही उच्चारतो, की जीभ टाळूला जाऊन चिकटते. सर खांबाआड पळतात. माणूस सावध झाला की त्याची भाषा इस्त्री करून बाहेर येते, हे एका मिनिटात सिद्ध झालेलं असतं.

सगळ्यांवर मात्र ही मात्रा चालत नाही. कॉलेजातल्या मुली "टू फॉर्टीफाइव्ह" म्हणून मोकळ्या होतात आणि ण-न दोन्ही बुडतात. एक आजोबा म्हणाले, "समोर एवढं मोठं घड्याळ आहे, ते दिसत नसेल तर चष्मा बदला." सरांनी नोंद केली: 'बदला. आज्ञार्थ, अनेकवचन, आदर संशयास्पद.'

गावात गेले की सरांचे हाल वेगळे. हातात वही, गळ्यात पिशवी आणि तोंडी "तुमची माहिती घ्यायची होती," हे बघून लोक पिकाच्या नुकसानीचा पंचनामा काढतात. कोणी सातबारा आणतो, कोणी वाहून गेलेला बांध दाखवायला नेतो. पंचनामा नाही, नुसतं बोलायचंय, असं कळल्यावर गाव अर्धं पांगतं. उरलेल्यांशी जवळीक साधावी म्हणून सर अकोल्याकडे जाऊन म्हणतात, "काय करून ऱ्हायले बे?" त्यावर इतका वेळ झकास वऱ्हाडी बोलणारा शेतकरी फोनचं रेकॉर्डिंग चालू झालेलं पाहून घसा साफ करतो आणि सांगतो, "सध्या आम्ही कपाशीच्या लागवडीच्या कार्यात व्यग्र आहोत." पाहुणा वऱ्हाडीत, यजमान आकाशवाणीत.

लोक कोणी ऐकत नसताना कसे बोलतात ते सरांना हवं असतं आणि ते ऐकायला सर तर तिथे हजर असतात. हे कोडं लबॉव्हनाही पडलं होतं. त्यांचा तोडगा असा, की माणसाला जिवावर बेतलेला प्रसंग विचारावा. तो सांगताना माणूस यंत्र विसरतो आणि घरच्यासारखं बोलतो. तोडगा नामी आहे, फक्त विचारायची वेळ साधावी लागते. सरांना ती साधत नाही. ओसरीवर टेकल्याटेकल्या, चहा यायच्या आत, ते ऐंशीच्या घरातल्या आजींना विचारतात, "आजी, मरता मरता कधी वाचलात का?" आतून कपबशी फुटल्याचा आवाज येतो. आजी मात्र शांतपणे म्हणतात, "इमा काढाले आला काय गा तू?"

पण मग आजी सांगू लागतात. पूर्णेला आलेला पूर, कडेवरचं पोर, दावं तोडून पळालेली म्हैस आणि तिच्या शेपटीला धरून काढलेली रात्र. सगळी ओसरी डोळे पुसते, सरही पुसतात. नंतर वही उघडून पाहावी तर लिहिलेलं असतं: '-ले प्रत्यय, अकरा वेळा. म्हशीचं अनेकवचन मिळालं नाही. पुन्हा यावे लागेल.'

सरांची दैवतं पुष्कळ. पहिले जॉर्ज ग्रिअर्सन. त्यांच्या भाषा-सर्वेक्षणाचा मराठीचा सातवा खंड १९०५ सालचा. तुलना करता यावी म्हणून त्यांनी बायबलमधली उधळ्या मुलाची गोष्ट देशभरातल्या बोलींत सांगवून घेतली. एका बापाचा पैसा एका पोराने इतक्या बोलींत उडवल्याचं दुसरं उदाहरण नाही, हा विनोद सर बारशाच्या जेवणातही करतात. दुसरं दैवत फलटणचं. मॅक्सीन बर्नसन अमेरिकेतून आल्या, फलटणच्या मराठीत समाजाचे थर कसे उमटतात याचा अभ्यास केला आणि तिथेच राहून शाळा काढली. "नाहीतर आम्ही! टेप घेतो आणि परतीची गाडी धरतो," असं सर म्हणतात आणि परतीची गाडी धरतात.

तिसरं क्षेत्र सांगलीजवळचं कुपवाड. वारकरी पंढरीला जातो तसे सर तिथे जातात. जॉन गंपर्झ आणि रॉबर्ट विल्सन यांनी १९७१ साली या गावाबद्दल लिहिलं आणि जगभरच्या भाषाभ्यासकांना कुपवाड ठाऊक झालं. सांगलीकरांना मात्र ते एमआयडीसीसाठीच ठाऊक. गावातल्या जैन-लिंगायतांची कानडी, मुसलमानांची उर्दू, बाकीच्यांची मराठी, थोडी तेलुगू. पिढ्यान्‌पिढ्यांच्या शेजारामुळे या भाषांची वाक्यं एकमेकींच्या मापाची झाली. 'पाला जरा कापून घेऊन आलो' हे वाक्य मराठी, उर्दू, कानडी या तिन्हींत म्हणा, शब्द ज्याचे त्याचे, पण क्रम आणि बांधणी तीच. तरी घरची भाषा कोणी सोडली नाही. "मेळ घालायला एक भाषा लागत नाही हो, एक बांध लागतो," हे सांगताना सरांचा आवाज भरून येतो. ऐकणारा विचारतो, "कुपवाडला प्लॉटचा काय भाव चाललाय?"

घरी हेच सर पाहावेत. तू आणि तुम्ही हा त्यांचा जिव्हाळ्याचा विषय. ब्राउन आणि गिलमन या जोडीने १९६० साली युरोपातल्या भाषांबद्दल दाखवलं, की अशा सर्वनामांमागे एक तर सत्ता असते नाहीतर सलगी. सर ते मराठीला लावून सांगतात: आई तू, वडील तुम्ही; विठ्ठल तू, हवालदार तुम्ही. आपल्याकडे देवाची भीती कमी आहे, हेही यातून सिद्ध होतं म्हणे. वहिनी सकाळी सांगतात, "अहो, गॅस संपलाय, नंबर लावा." दुपारी सांगतात, "अहो, सिलेंडरचं काय झालं?" संध्याकाळी शेगडीशेजारी उभ्या राहून कडाडतात, "अरे, तुला ऐकू येतं की नाही?" सर उजळतात. "वा! तुम्हीवरून तू! आता ही सत्ता की सलगी?" त्या दिवशी जेवण बाहेरून आलं.

सरांच्या सोसायटीत एक काकू आहेत. वॉचमन "माझी मदत करा" म्हणाला की त्या जिन्यात थांबून त्याच्याकडून "मला मदत करा" असं तीनदा म्हणवून घेतात आणि मदत न करताच वर जातात. सरांचं आणि त्यांचं हाडवैर. सरांच्या कोशात चूक, अशुद्ध, गावंढळ हे शब्दच नाहीत. तिथे सगळी 'रूपं'. ते काकूंना ऐकवतात, की प्रमाण मराठी आभाळातून पडली नाही. मोल्सवर्थचा कोश १८३१चा, क्रमिक पुस्तकांवर मेजर कँडींची नजर, छापखाने आणि कचेऱ्या पुण्या-मुंबईकडे. म्हणून तिकडच्या शिकलेल्यांची बोली शाळेत बसली. हाच कारभार नागपुरात झाला असता तर आज काकूंनीच वॉचमनला दटावलं असतं, "येत आहे नव्हे, येऊन ऱ्हायलो म्हणावं!"

मग सरांच्या मुलीचं लग्न ठरलं. पत्रिका छापून आली आणि तिच्यावर ठळक अक्षरांत 'आर्शीवाद' होता. सर लालबुंद होऊन प्रेसमध्ये गेले. "रफार कुठे दिलाय तुम्ही? लाज आणलीत!" प्रेसवाला सरांच्या व्याख्यानाला पहिल्या रांगेत बसलेला. तो नम्रपणे म्हणाला, "सर, चूक नाही ती. रूप आहे." सरांनी पाचशे पत्रिका पदरच्या पैशाने पुन्हा छापून घेतल्या. काकूंनी त्या वेळी जिन्यात पेढे वाटले, ते लग्नाचेच होते असं म्हणतात.

सर हास्यास्पद आहेत यात वाद नाही. पण बोलणाऱ्याला सुधारणारे आपल्याकडे गल्लोगल्ली भेटतात, नुसता ऐकून घेणारा औषधालाही मिळत नाही. २०११च्या जनगणनेत आठ कोटी तीस लाख लोकांनी मराठी ही आपली मातृभाषा म्हणून नोंदवली. त्यांतली किती पोरं पहिलीच्या वर्गात 'पानी' म्हणाली, वर्ग हसला आणि ती पुढे हात वर करायचीच थांबली, याचा हिशेब जनगणना ठेवत नाही. त्या पोराला 'पुन्हा म्हण' असं आनंदाने सांगणारा एकच माणूस जगात आहे, आणि तो स्वारगेटला खांबाआड उभा आहे.

तेव्हा असा कोणी तुमच्या दारात आलाच तर बातम्या देऊ नका. आजीला पुढे बसवा, चहा टाका आणि घरात बोलता तसंच बोला. काय म्हणालात हे तो विसरेल, पण कसं म्हणालात ते तुमच्या नातवंडांनाही ऐकायला मिळेल. फक्त गॅसचा नंबर त्याला लावायला सांगू नका.